तुरा थंडीत दिसतो, पण थंडीमुळे येत नाही

(ऊस विकास विभागाकडून)

दिवाळीच्या आगेमागे पहाटेचा गारठा वाढू लागतो आणि त्याच सुमारास उसाच्या फडावर पांढरे तुरे डोलू लागतात. गट कार्यालयात लगेच विचारणा सुरू होते, "थंडी पडली, तुरा आला, आता उसाचं काय?" थंडी आणि तुरा एकाच वेळी नजरेस पडतात, म्हणून थंडीनेच तुरा आणला अशी समजूत आपल्या भागात पक्की बसली आहे. ही समजूत बरोबर नाही. उसाने तुऱ्याचा निर्णय भाद्रपदाच्या सुमारास, पावसाळी हवेतच घेतलेला असतो. थंडी तर त्या कामात अडथळाच आणते.

हा काही नुसता शब्दांचा वाद नव्हे. तुऱ्याचे कारण थंडी मानले की आपण थंडीची वाट पाहत बसतो. तुरा डोळ्यांनी दिसल्यावर धावपळ करतो. तोवर तोडणीचा क्रम लागलेला असतो, टोळ्या वाटल्या गेलेल्या असतात आणि तुऱ्याचा प्लॉट फेब्रुवारीपर्यंत तसाच उभा राहतो. उसाला आपण वजनावर पैसे घेतो आणि दर कारखान्याच्या सरासरी साखर उताऱ्यावर ठरतो. म्हणजे रखडलेल्या तुऱ्याच्या उसात वजनाची घट त्या सभासदाला सोसावी लागते आणि उताऱ्याची घट आपणा सर्वांना. म्हणून यंदा हा विषय मुळापासून समजून घेऊ.

काचघरातील भांग

तुऱ्याची गोष्ट सुरू होते ती उसापासून नव्हे, तर भांगेच्या झाडापासून. फ्रान्समध्ये धाग्यासाठी भांग लावण्याची जुनी रीत आहे. (हिरवळीच्या खतासाठी आपण गाडतो तो ताग वेगळा.) शेतात वसंत ऋतूत पेरलेली भांग उन्हाळाभर उंच वाढते आणि मग फुलावर येते. पॅरिस येथे ज्युलियन तुर्नवा नावाचे तरुण शास्त्रज्ञ १९१० नंतरच्या काही वर्षांत हॉपची वेल आणि भांग यांच्या फुलांचा अभ्यास करीत होते. त्यांना एक नवल दिसले. हिवाळ्यात काचघरात पेरलेली रोपे नीट उंचही झाली नव्हती, मोजकी पाने फुटली होती, तोच त्यांना फुले आली.

आपण असतो तर काय म्हटले असते? "थंडीने झाड घाबरलं आणि लवकर फुललं." तुर्नवा तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी रोपांवर रोज थोडे तासच उजेड पडेल अशी व्यवस्था केली. तशी रोपेही अवेळी फुलली. १९१२ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९१४ मध्ये तर त्यांनी असे मत मांडले की, दिवस लहान होण्यापेक्षा रात्र मोठी होण्याला जास्त महत्त्व असावे. त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले, त्यात हा तरुण कामी आला आणि काम तिथेच थांबले.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. आपल्या देशात परवान्याशिवाय गांजा-भांगेच्या झाडाची लागवड करणे १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्याने गुन्हा आहे. उसाच्या आड एखादे झाड लावण्याचा मोह कुणीही धरू नये. आम्ही त्या झाडाचे नाव घेतले ते केवळ शास्त्र समजावे म्हणून. भांग आणि ऊस ही दोन्ही रात्र मोठी होऊ लागली की फुलाकडे वळणारी झाडे आहेत, एवढाच त्यांचा संबंध.

तंबाखूने दिलेला पुरावा

पुढचा पुरावा अमेरिकेत मिळाला. तेथील कृषी खात्यातील गार्नर आणि अलार्ड हे दोघे 'मेरिलँड मॅमथ' नावाच्या तंबाखूवर काम करीत होते. ही जात उन्हाळ्यात शेतात दहा फुटांवर वाढे, पण फुलत नसे. हिवाळ्यात काचघरात मात्र तीच तंबाखू लहान असतानाच फुले. १९१८ च्या उन्हाळ्यात त्यांनी काही कुंड्या रोज दुपारी चार वाजता अंधाऱ्या खोपट्यात ठेवल्या आणि सकाळी नऊ वाजता बाहेर काढल्या. हवा तीच, माती तीच, ऊनही उन्हाळ्याचेच. अंधारात ठेवलेली झाडे फुलली, बाहेरची वाढतच राहिली. १९२० मध्ये हे संशोधन छापून आले आणि दिवसमानाचा फुलोऱ्याशी असलेला संबंध जगाने मान्य केला.

१९३८ मध्ये हॅम्नर आणि बॉनर या दोघांनी, कपड्यांना चिकटणाऱ्या काटेरी फळांच्या झँथियम या तणावर प्रयोग करून आणखी एक गाठ सोडवली. रात्रीच्या अंधारात मध्येच थोडा वेळ दिवा लावला तर झाड फुलत नाही. दिवसात मध्येच अंधार केला तर मात्र काही बिघडत नाही. म्हणजे झाड मोजते ते सलग अंधाराचे तास. हे मोजमाप पानातील फायटोक्रोम नावाच्या रंगद्रव्याच्या मदतीने होते.

आपल्यापैकी जे सभासद शेडमध्ये शेवंती घेतात त्यांना हे नवीन नाही. फूल लांबवायचे तर रात्री दिवे लावतात आणि लवकर हवे तर काळे कापड ओढतात. तोच नियम उसालाही लागू आहे. शेताच्या कडेला रात्रभर दिवा जळत असेल तर त्याच्या उजेडातील उसाला तुरा कमी किंवा उशिरा आलेला दिसतो आणि आतल्या सऱ्या मात्र तुऱ्याने भरलेल्या असतात. एकाच शेतात, एकाच थंडीत हा फरक पडतो. यापेक्षा वेगळा पुरावा कशाला हवा?

मग थंडीचे काम काय?

उसाला तुऱ्याकडे वळण्यासाठी साधारण चार गोष्टी एकत्र याव्या लागतात.

१) दिवस सुमारे साडेबारा तासांवर आलेला असावा आणि रोज थोडाथोडा कमी होत जावा.

२) उसाचे बालपण संपलेले असावे, म्हणजे त्याला निदान दोन-चार कांड्या सुटलेल्या असाव्यात.

३) रात्रीचे तापमान १८ ते २० अंश सेल्सिअसच्या खाली जाऊ नये आणि दिवसाचे ३१-३२ अंशांच्या वर फारसे जाऊ नये.

४) जमिनीत आणि हवेत पुरेशी ओल असावी.

तिसरा मुद्दा नीट वाचावा. रात्र गार झाली की शेंड्यातील तुऱ्याचे काम मंदावते किंवा थांबते. तुरा बाहेर पडलाच तर गारठ्याने त्यातील परागकण वांझ होतात. थंडी तुऱ्याला मदत करीत नाही, अडवते.

याचा सर्वांत मोठा दाखला दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांताचा आहे. दरबानजवळच्या माउंट एजकोंब येथे ऊस संशोधन केंद्र आहे. तेथे उसाला तुरे येत, पण हिवाळ्याच्या गारठ्याने परागकण निकामी होत आणि बी धरत नसे. नवीन जाती काढायच्या कशा? तेव्हा आपल्या कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेतून तुऱ्याचे बी तिकडे गेले. को ४२१ आणि को ३१२ यांच्या संकरातील त्या बियांपासून निवडलेली जात १९४५ मध्ये 'एन को ३१०' या नावाने बाहेर आली. यातील 'एन' नाताळचा आणि 'को' आपल्या कोइमतूरचा. पुढे ही जात तैवान, ऑस्ट्रेलिया, अमेरिका अशी दूरवर पसरली. नंतर त्याच केंद्रात तुरे गरम काचघरात ठेवून पाहिले, तेव्हा परागकण जिवंत राहू लागले. उणीव उबेचीच होती, हे सिद्ध झाले.

अमेरिकेत फ्लोरिडातील कॅनाल पॉइंट आणि लुइझियानातील हूमा येथेही हीच अडचण होती. तेथे आता ऊस डब्यांत लावून ते डबे रुळावरच्या गाड्यांवर ठेवतात. सायंकाळी गाडी अंधाऱ्या घरात ढकलतात आणि सकाळी बाहेर ओढतात. काही दिवस साडेबारा तासांचा दिवस देतात आणि मग रोज अर्धा ते एक मिनिट कमी करीत नेतात. रात्री आतली हवा गरम ठेवतात. अंधार मोजून आणि ऊब राखून, उसाला 'भाद्रपद आला' असे भासवण्याचा हा प्रकार आहे. अंधार बरोबर दिला पण घर थंड ठेवले तर तुरा येत नाही. बंद घरात फुलपीक घेणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावी अशी ही गोष्ट आहे. दिव्याचे घड्याळ बरोबर लावले तरी गारठ्याकडे दुर्लक्ष केले की मेहनत वाया जाते.

याच कारणाने १९१२ मध्ये ऊस पैदाशीचे केंद्र कोइमतूरला झाले. तेथे उसाला मोकळेपणाने तुरा येतो आणि बी धरते. बार्बर आणि वेंकटरामन यांनी तेथेच कामाचा पाया घातला. आपल्या राज्यात वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचे ऊस प्रजनन केंद्र सिंधुदुर्ग जिल्ह्यात आंबोलीला आहे, तेही दमट, सौम्य हवा पाहूनच. म्हणजे ज्या तुऱ्याला आपण शिव्या देतो, त्याच्याच पोटातून आपल्या साऱ्या सुधारित जाती आलेल्या आहेत. पैदाशीच्या शेतात तुरा हवा आणि गाळपाच्या शेतात नको, इतकाच फरक.

आपल्या शेतातील हिशेब

पश्चिम महाराष्ट्रात २१ जूनच्या सुमारास दिवस सव्वातेरा तासांचा असतो. ऑगस्ट सरता सरता तो साडेबारा तासांवर येतो आणि रोज कमी होत जातो. नेमके याच दिवसांत आपल्याकडे काय हवा असते? आभाळ झाकोळलेले, दिवसा फार ऊन नाही, रात्र वीस अंशांच्या पुढे-मागे, जमिनीत भरपूर ओल. काचघरात पैसे खर्चून जे घडवतात ते आपल्याकडे पावसाळा फुकट घडवून देतो! म्हणून ज्या वर्षी श्रावण-भाद्रपद ढगाळ, ओला आणि सौम्य जातो त्या वर्षी तुरा जास्त दिसतो. शेंड्यात तुरा धरल्यापासून तो बाहेर पडेपर्यंत दोन ते तीन महिने जातात, आणि तेवढ्यात थंडी येऊन पोचते. दोघांची गाठ पडते ती अशी.

आता हंगामवार पाहू.

आडसाली ऊस पहिल्या भाद्रपदात दीड-दोन महिन्यांचा असतो. कांड्या नसतात म्हणून तो सुटतो. दुसऱ्या भाद्रपदात तो तेरा-चौदा महिन्यांचा असतो आणि तुरा धरतो. पण तो हंगामाच्या सुरुवातीलाच तुटतो, त्यामुळे नुकसान थोडे.

पूर्वहंगामी ऊस भाद्रपदात दहा-अकरा महिन्यांचा असतो. त्याच्या तोडणीला बहुधा डिसेंबर-जानेवारी उजाडते. येथे जागरूक राहिले पाहिजे.

सुरू ऊस त्या वेळी सात-आठ महिन्यांचा असतो. जानेवारीत लागलेल्या चांगल्या प्लॉटला कांड्या सुटलेल्या असतात, तुरा येऊ शकतो. तोडणी मात्र बरीच मागे असते. सर्वांत जास्त धोका येथेच.

खोडव्याचेही तसेच. नोव्हेंबर-डिसेंबरात तुटलेल्या उसाचा खोडवा तुरा धरू शकतो. मार्च-एप्रिलमध्ये तुटलेल्याचा खोडवा लहान असल्याने बहुधा वाचतो.

जातीचाही वाटा मोठा आहे. आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर असलेल्या को ८६०३२ या जातीला तुरा कमी आणि उशिरा येतो. याचा अर्थ येतच नाही असा मात्र नव्हे.

तुरा आल्यावर उसात काय होते

शेंड्यातील वाढीचा कोंब हाच तुरा बनतो. त्यामुळे नवीन पान नाही, नवीन कांडी नाही, उसाची उंची तेथेच थांबते. वाढीवर खर्च होणारी साखर कांड्यांत साठू लागते. म्हणून तुरा आल्यावर सुरुवातीला ब्रिक्स उलट वाढतो. "तुरा आला म्हणजे साखर गेली" हे लगेच खरे नसते.

पण ही चांगली स्थिती फार दिवस टिकत नाही. साधारण दीड-दोन महिन्यांनंतर शेंड्याकडील डोळे फुटून पांगशा निघतात आणि साठलेली साखर त्यांच्या पोषणावर खर्च होते. वरच्या कांड्यांत दशी पडते, ऊस पोकळ होत जातो. रस कमी, चोथा जास्त, वजन हलके. जनावरांना वाढेही कमी मिळते. समजा, एकरी ४० टनांच्या प्लॉटचे वजन शेकडा पाचने जरी घटले, तरी एकरी दोन टन ऊस शेतातच गेला. हे दोन टन कुठल्याही काट्यावर दिसत नाहीत, म्हणून त्यांची कुणी तक्रारही करीत नाही.

काय करावे

१) लागणीच्या वेळीच जात आणि तारीख यांचा मेळ घालावा. ज्या जातीला तुरा भरपूर येतो ती उशिरा तुटणाऱ्या प्लॉटमध्ये लावू नये.

२) नत्राचा पूर्ण हप्ता मोठ्या बांधणीपर्यंत वेळेवर द्यावा. नत्राची उपासमार झालेला ऊस तुऱ्याकडे लवकर वळतो. मात्र तुरा टाळण्यासाठी म्हणून उशिरा युरिया टाकत राहू नये, त्याने उतारा बिघडतो.

३) ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात शेंडा चिरून पहावा. बांधाकडेचे ऊस सोडून, प्लॉटच्या आतून निरनिराळ्या जागचे दहा ऊस घ्यावेत. पोंग्याची पाने सोलून शेंडा धारदार कोयत्याने उभा चिरावा. कोंब आखूड, बोथट असेल तर तुरा नाही. कोंब लांबट होऊन पांढऱ्या नाजूक कुंच्यासारखा दिसला तर तुरा धरला आहे. पुढे शेवटचे पान आखूड होते, तीही खूण ओळखावी.

४) दहापैकी निम्म्याहून अधिक उसांत तुरा धरलेला दिसला तर लगेच आपल्या चिटबॉयकडे प्लॉटची नोंद द्यावी. जात, लागण तारीख आणि चिरून पाहिल्याची तारीख सांगावी. आमचे कर्मचारी येऊन पाहणी करतील आणि ब्रिक्स घेतील.

५) तुरा बाहेर पडल्यापासून दीड ते दोन महिन्यांत ऊस तुटला पाहिजे. तोवर पाणी तोडू नये, कारण ताण पडला की दशी लवकर पडते. तोडणीपूर्वीचे पाणी नेहमीप्रमाणे बंद करावे.

६) तुऱ्याचा ऊस बेण्याला वापरू नये. बेणे वेगळ्या बेणे प्लॉटातील, नऊ ते अकरा महिन्यांचे, रसरशीत डोळ्यांचे घ्यावे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*तुरा कापून टाकला तर?* उपयोग नाही. वाढीचा कोंब आधीच संपलेला असतो. शेंडा मोडल्याने खालचे डोळे आणखी लवकर फुटतात.

*फवारणी करून तुरा थांबतो का?* ब्राझीलसारख्या देशांत इथेफॉनची फवारणी करतात. पण ती शेंड्यात तुरा धरण्याआधी, नेमक्या दिवसांत करावी लागते. तुरा दिसल्यावर फवारणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. कुणा दुकानदाराच्या सांगण्यावरून नोव्हेंबरात बाटली आणू नये. आधी आम्हाला विचारावे.

*शेतात दिवे लावले तर?* शास्त्राने बरोबर आहे. पण एकरांच्या एकर उसात मध्यरात्री उजेड पाडण्याचा खर्च कुणालाच परवडणार नाही.

*यंदा थंडी कडक पडली तर तुरा जाईल का?* नाही. शेंड्यात तयार झालेला तुरा कडक थंडीत थोडा उशिरा किंवा अर्धवट बाहेर पडेल. पण उसाची वाढ तेव्हाच थांबलेली असते, जेव्हा आपण अंगात स्वेटरही घातलेला नसतो!

*तुरा हा रोग आहे का? शेजारच्या शेतातून येतो का?* रोग नाही आणि पसरतही नाही. तुऱ्यावरून बांधावर भांडणे नकोत.

शेवटी

तुऱ्याच्या नोंदीत एक अडचण आम्हाला दरवर्षी दिसते. तुरा नसलेल्या प्लॉटचाही "आमचा आधी न्या" असा आग्रह असतो आणि खरा तुऱ्याचा ऊस मागे पडतो. चिरलेला शेंडा खोटे बोलत नाही. ज्याच्या शेंड्यात कुंचा दिसला त्याचा ऊस आधी तुटावा, हा क्रम सर्वांनी मनापासून मान्य केला पाहिजे. आज शेजाऱ्याचा तुरा आधी गेला तर उतारा टिकतो, आणि तो उतारा तुमच्याही दरात येतो. सहकाराचा अर्थ याहून निराळा काय आहे?

तेव्हा सभासद बंधू-भगिनींनो, थंडीची वाट पाहू नका. दसऱ्याच्या सुमारास कोयता घेऊन फडात शिरा, दहा शेंडे चिरा आणि जे दिसेल ते गट कार्यालयात कळवा. पुढचे काम आपण मिळून करू.